दोन टेबलांचं डोहाळजेवण

सुप्याच्या एमआयडीसीत प्लॅस्टिकची झाकणं बनवणारा एक कारखाना होता. औषधाच्या बाटल्यांची, तेलाच्या डब्यांची, कसलीकसली झाकणं. मशीनमधून झाकण बाहेर पडलं की त्याच्या कडेला प्लॅस्टिकचा पातळ काठ चिकटून राहायचा. तो ब्लेडने कापून टाकायचा. या कामाला तिथल्या बायका ‘बर काढणं’ म्हणायच्या. एका लांब टेबलाशी बर काढणाऱ्या उभ्या असत आणि समोरच्या टेबलाशी पॅकिंगवाल्या.

बनुबाई बरच्या टेबलाची. कारखान्याचं शेड उभं राहिलं तेव्हापासूनची. पन्नाशी ओलांडलेली, अंगाने लहानखुरी, चालताना डावा खांदा जरा वर धरणारी. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. पण माणसाकडे नीट पाहायची तिला सवय होती, आणि पाहिलेलं ती विसरत नसे.

वृषालीचं तिनेच पहिल्यांदा ओळखलं.

वृषाली टेबलावरची सगळ्यांत धाकटी. काष्टीकडची, बागायतदार मराठ्याच्या घरातली, बारावी झालेली. चेतनशी तिने नगरला जाऊन रजिस्टर लग्न केलं होतं. चेतन पारनेर तालुक्यातला, बौद्ध घरातला, शेजारच्या कारखान्यात फिटर. वृषालीच्या वडिलांनी गावात सांगून टाकलं होतं की आम्हाला मुलगी नव्हतीच. चेतनची आई तो लहान असतानाच गेलेली. भाऊ-भावजय होते, पण काष्टीहून कुणी भांडायला येईल या धास्तीने त्यांनी दार कधी पुरतं उघडलंच नाही. तेव्हा दोघं सुप्यातच भाड्याच्या खोलीत राहत.

ही वृषाली पूर्वी झाकणांचा क्रेट कमरेला टेकवून ओढायची. आता हात लांब करून, अंग मागे ठेवून ओढू लागली. कंपनीचा निळा कोट होता तो बदलून तिने एक माप मोठा मागून घेतला. आणि जेवणाच्या सुट्टीत तिने पॅकिंगवाल्या रंगुबाईच्या डब्यातली लोणच्याची फोड अशी चोखली की कोय पांढरी झाली.

“कितवा?” बनुबाईने हातातलं ब्लेड न थांबवता विचारलं.

“काय कितवा?”

“मला चार झाली हायेत. मला नको शिकवू. कितवा?”

वृषालीने मागे-पुढे पाहिलं. मशीनचा आवाज एवढा होता की शेजारणीलाही ऐकू जाणं शक्य नव्हतं, तरी तिने आवाज खाली आणला. “पाचवा संपत आलाय. मावशी, कुणाला बोलू नका. तुमच्या पाया पडते.”

“पाया पडू नको. वाकायचं न्हाई आता तुला,” बनुबाई म्हणाली, आणि पुढचं झाकण उचललं.

वृषालीची भीती खोटी नव्हती. बायका कंपनीच्या नव्हत्या, ठेकेदाराच्या होत्या. ठेकेदाराचं नाव सूर्यभान. पांढरा सफारी, खिशाला दोन पेनं, बोलणं गोड. तो कुणालाही कामावरून काढत नसे, आणि याचा त्याला अभिमान होता. “आपल्याकडं आजपर्यंत एक बाई काढलेली नाही,” असं तो मॅनेजरसमोर छातीला हात लावून सांगायचा. ते खरंही होतं. एखाद्या बाईला दिवस गेलेत असं कळलं की तो तिला टेबलावरून हलवायचा आणि भरलेले क्रेट गोदामातून ट्रकपर्यंत न्यायला लावायचा. बस, एवढंच. आठवडा होत नाही तोवर बाई आपणहून घरी बसायची. बाळंत होऊन परत आली की तिच्या जागी दुसरी उभी असायची. दीपा नावाची एक चांगली कामाची पोर मागच्या वर्षी अशीच काम सोडून गेली. म्हणून बायका लपवत. सैल कोट घालत, पोटावर पदर गुंडाळत, आणि जमेल तितके दिवस ओढत.

बनुबाईला हे लपवणं ठाऊक होतं. बहात्तरच्या दुष्काळात ती रस्त्याच्या कामावर खडी फोडत होती, तिसऱ्या खेपेला. मुकादमाला कळू नये म्हणून लुगड्याचा ओचा इतका आवळून बांधायची की रात्री सोडताना कातडीवर वळ दिसत. ते पोर अपुऱ्या दिवसांचं झालं आणि राहिलं नाही. त्या दुःखाबद्दल ती कधी बोलली नाही. पण एक गोष्ट तिच्या मनात खड्यासारखी राहून गेली होती. परत कामावर गेल्यावर मुकादम तिला म्हणाला होता, “मला ठावं हुतं गं. तूच बोलली न्हाईस, मग मी कशाला बोलू?”

म्हणजे लपवण्यात आपलं काही वाचलं नव्हतं. वाचलं होतं ते मुकादमाचं.

दोन-तीन दिवस ती गप्प होती. मग संध्याकाळी टेम्पोची वाट पाहताना ती वृषालीला म्हणाली, “डोहाळजेवन करू तुजं.”

वृषाली हसली. तिला ती थट्टा वाटली. “कोण करणार? आई येणार का माझी?”

“आमी करू. हितंच. कंपनीत. जेवनाच्या सुट्टीत, समद्यांच्या देखत.”

वृषालीचं हसू गेलं. “मावशी, तुम्हाला वेड लागलंय का? मी लपवायला बघते आणि तुम्ही वाजंत्री लावायला निघालात. दुसऱ्या दिवशी क्रेट उचलायला लावील तो.”

“लावू दे की. पर समद्यांनी बघितल्यावर लावू दे. आज त्यो तुला हलवील तर म्हनंल, मला काय ठावं हिला दिवस गेल्यात! वटी भरल्यावर तसं म्हनायला तोंड ऱ्हातंय का त्याला?”

“नको मावशी. चेतनचे पैसे पुरत नाहीत. मला काम पाहिजे.”

बनुबाई तिच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, “बरं. पोट तुजं, तोंड तुजं. तू म्हनशील तवाच.”

आणि तिने तो विषय पुन्हा काढला नाही. हे तिच्या स्वभावातलं विशेष होतं. भांडायला ती कुणाशीही उभी राहायची, पण दुसऱ्याच्या वतीने त्याला न विचारता कधी भांडायची नाही.

सातवा लागला आणि कोट पुरेनासा झाला. एका सोमवारी सकाळी सूर्यभान टेबलांच्या मधून चालत आला, वृषालीपाशी थांबला, आणि अगदी मायेने म्हणाला, “पोरी, गोदामात माणूस कमी हाय. आजपास्नं जरा तिकडं बघ.”

 वृषालीने ब्लेड टेबलावर ठेवलं आणि गोदामाकडे गेली. बनुबाई जिथे उभी होती तिथून गोदामाचं दार दिसायचं. पहिला क्रेट वृषालीने उचलला, नेला. दुसरा उचलला, नेला. तिसऱ्याला ती अर्ध्यात थांबली. क्रेट मांडीवर टेकवून एक हात तिने पोटाखाली धरला, आणि मान वर करून सरळ बनुबाईकडे पाहिलं.

जेवणाच्या सुट्टीत ती बनुबाईशेजारी येऊन बसली. डबा उघडला नाही.

“करा,” ती म्हणाली. “कधी करायचं ते सांगा. मी हिरवी साडी नेसून येईन.”

आता करायचं म्हणजे आधी रंगुबाईकडे जायला हवं होतं. रंगुबाई पॅकिंगच्या टेबलाची पुढारीण. थोराड, ठसठशीत कुंकू लावणारी, आवाज असा की चालू मशीनच्या वरताण ऐकू यावा. टेम्पोतल्या खिडकीच्या जागेवरून तिचं आणि बनुबाईचं पावसाळ्यापासून बोलणं बंद होतं. बनुबाई जाऊन तिच्यासमोर उभी राहिली.

“खिडकीची जागा तुला दिली,” ती म्हणाली.

“ती माजीच हुती,” रंगुबाई म्हणाली. “काम काय हाय ते बोल.”

बनुबाईने सांगितलं. रंगुबाईने डोळे बारीक केले. “अगं बया, तिच्या बापाच्या भावकीत माजी चुलत ननंद दिलीया. उद्या तिकडं कळलं की ह्या रंगीनं पुढं हून वटी भरली, तर?”

“तर म्हनावं, जेवायला या. वाढू.”

रंगुबाईला हसू आलं, पण तिने ते दाबलं. “आन् माहेर कुटलं, सासर कुटलं? डोहाळजेवनाला दोनी बाजू लागत्यात. का एकाच बाजूनं हसायचं?”

इथे बनुबाईला जे सुचलं ते तिला स्वतःलाही आधी ठाऊक नव्हतं. तिने मागे वळून दोन्ही टेबलांकडे पाहिलं. “बरचं टेबल तिचं माहेर. पॅकिंगचं टेबल सासर.”

“आन् सासू?”

“तुज्याइतकी खाष्ट दुसरी कोन हाय हितं?”

झालं. त्या क्षणापासून रंगुबाई कामाला लागली, आणि सासू म्हणून लागली. संध्याकाळपर्यंत तिने पॅकिंगच्या बायकांना सांगून टाकलं की सासरचं नाव खाली जाता कामा नये, त्या बरवाल्या ताक-भाकरीवर वेळ मारून नेतील, आपण पुरणपोळ्या न्यायच्या. हे बरच्या टेबलावर पोचलं तेव्हा माहेरच्यांचं रक्त उसळलं. दोन्ही टेबलांमध्ये जेमतेम हातगाडी जाईल एवढी वाट होती. त्या वाटेवरून टोमणे सुरू झाले.

“विहीनबाई, साडी सुती आनू नका हो!”

“तुमी मानपानाचं सोडा, पोरीला धड भात तरी शिकवला का?”

“आमच्या पोरीला बारावी शिकवलीय, भात तुमचा पोरगा शिजवतोय!”

ते खरंच होतं. चेतन भात शिजवायचा. सगळ्या हसल्या, वृषालीही. गोदामातून येता-जाता तिच्या कानावर हे पडत होतं, आणि दिवसभर क्रेट वाहून तिच्या पायांना सूज आली होती. तरी ती हसली.

अडचणी निघाल्या. एकीने विचारलं की ओटीला पाच सवाष्णी लागतात, त्या कुठून आणायच्या? हा प्रश्न त्या शेडमध्ये साधा नव्हता. कुणाचा नवरा गेलेला, कुणाला टाकलेली, कुणाचा नवरा असून नसल्यासारखा. म्हणून तर त्या कामाला आल्या होत्या. बनुबाई स्वतः विधवा. सगळ्या तिच्याकडे पाहू लागल्या.

“तिला बसवून खायला घालनार कोन? आपन,” बनुबाई म्हणाली. “मग वटी बी आपनच भरायची. समद्यांनी. ज्या बाईला आपला हात वंगाळ वाटत आसंल तिनं बाजूला बसावं. मला माजा वाटत न्हाई.”

बाजूला कुणी बसलं नाही.

चेतन मात्र बिचकला. बनुबाई त्याच्या खोलीवर गेली तेव्हा तो स्टोव्हला पंप मारत होता. भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली धुतलेले कपडे. “मावशी, आमच्यात ओटीबिटी मानत नाहीत,” तो हळूच म्हणाला. “आणि ठेकेदाराने हिला काढलं तर? मग काय खायचं आम्ही?”

“वटीत काय देव बसतोय व्हय रं? गहू आसतोय, फळं आसत्यात. तुमच्यात गहू खात्यात ना?”

“खातो की.”

“मग झालं. आन् काढायचं म्हनशील, तर त्यानं काढलंच हाय. फकस्त बोलला न्हाई आजून. आपन त्याला बोलायला लावू.”

चेतन वृषालीकडे पाहू लागला. ती पाय पाण्यात सोडून बसली होती. “मी ठरवलंय,” ती म्हणाली. त्याने भाताचं पातेलं स्टोव्हवर ठेवलं. ठरल्या दिवशी सकाळी त्याने आपला शर्ट स्वतःच इस्त्री केला आणि तिची हिरवी साडीही.

गेटवर पिशव्या तपासत. म्हणून प्रत्येकीने एकेक वस्तू आपल्या डब्यातून आणली. एकीच्या डब्यात गहू, एकीच्या डब्यात खारका आणि बदाम, एकीच्या डब्यात शेवंतीची फुलं आणि दोरा. पुरणपोळ्यांचे डबे तर इतके झाले की वॉचमन म्हणाला, “आज काय होळी हाय का काय?” रंगुबाईने त्याच्या हातात एक पोळी ठेवली, आणि तो पुढचं तपासायचं विसरला.

भोंगा झाला. बायका नेहमीसारख्या पत्र्याखाली न बसता गेटजवळच्या कडुनिंबाखाली गेल्या, जिथून रस्ता दिसतो आणि रस्त्यालाही आपण दिसतो. एक उलटा क्रेट मांडला, त्यावर चादर घातली आणि वृषालीला बसवलं. तिने निळा कोट काढला. आत हिरवी साडी होती. इतक्या दिवसांत सगळ्यांनी तिचं पोट पहिल्यांदाच नीट पाहिलं, आणि एकदम सगळ्या बोलायला लागल्या.

“मुलगाच. पोट टोकदार हाय.”

“टोकदार म्हंजे पोरगी! तुला काय ठावं, तुला झालाय एकच.”

फुलांच्या वेण्या दंडाला बांधल्या. हिरवा चुडा भरायची वेळ आली तेव्हा पुन्हा एक अडचण. टेबलावर काचेच्या बांगड्या चालत नसत. काचेची कपची झाकणांत गेली तर माल परत यायचा. आणि भरलेला चुडा तासाभरात उतरवायचा, हे कुणालाच बरं वाटेना. रंगुबाईने खिशातून पॅकिंगची रुंद पारदर्शक टेप काढली आणि वृषालीच्या दोन्ही मनगटांवर, बांगड्यांवरून, खोकं बांधावं तशी सफाईने गुंडाळली. आतून हिरवा रंग चमकत होता. “आता फुटून दाखवा म्हनावं,” ती म्हणाली.

मग ओटीचं सूप पुढे आलं आणि बनुबाईने विचारलं, “नारळ?”

माहेरच्यांनी सासरच्यांकडे पाहिलं, सासरच्यांनी माहेरच्यांकडे.

“नारळ माहेरचा आसतोय,” रंगुबाई म्हणाली.

“कोन म्हनतं? पैली वटी सासूची. नारळ सासूचा.”

“आमच्याकडं माहेरचाच लागतोय!”

इतके दिवस इरेसरीने पुरणपोळ्या ठरवणाऱ्या या बायकांनी नारळ एकमेकींवर सोडला होता. पुरणपोळ्या इतक्या होत्या की दुसऱ्या पाळीला पुरल्या असत्या, आणि नारळ एकही नव्हता. वृषाली मध्ये बसून दोन्हीकडे बघत होती, आणि तिला इतकं हसू आलं की डोळ्यांतून पाणी आलं.

तेवढ्यात सूर्यभानचा नवा टेम्पो गेटमधून आत आला.

त्याने झाडाखालची गर्दी पाहिली. टेम्पो थांबवला, खाली उतरला. आधी त्याचं लक्ष पोळ्यांकडे गेलं, मग फुलांकडे, मग हिरव्या साडीकडे. “हे काय चाललंय?” तो म्हणाला. आवाजातला गोडवा जरा उशिरा आला. “बायांनो, ही कंपनी हाय. घर न्हाई.”

“घरी करनारं कोनी न्हाई म्हनून कंपनीत चाललंय,” बनुबाई म्हणाली. “बरा आलास. बघ, वृषालीला सातवा चालू हाय. तुला ठावं नसंल.”

सगळ्या बायका त्याच्या तोंडाकडे पाहत होत्या. वॉचमन पोळी खाता खाता थांबला होता. रस्त्यावरून जाणारे दोन सायकलवाले पाय टेकून उभे राहिले.

“मला… कुणी सांगितलं न्हाई,” सूर्यभान म्हणाला.

“म्हनून सांगितलं. आता ठावं झालं. वटीला नारळ ऱ्हायलाय आमचा. तुज्या टेम्पोत हाय बघ पुढं.”

टेम्पो चारच दिवसांचा होता. काचेमागे, लाल कापडात गुंडाळलेला पूजेचा नारळ ठेवलेला सगळ्यांना दिसत होता.

“त्यो गाडीचा हाय,” सूर्यभान म्हणाला.

“गाडीला कितवा हाय?”

आधी एक सायकलवाला हसला. मग सगळ्याच. सूर्यभान लाल झाला. इतक्या बायकांसमोर पोटुशी बाई पुढ्यात बसलेली असताना तिच्या ओटीचा नारळ नाकारायचा, हे त्याच्या तोंडून निघेना. त्याचीही बायको होती, आई होती, आणि संध्याकाळी हे दोघींच्याही कानावर जाणार होतं. त्याने टेम्पोचं दार उघडलं, नारळ काढला आणि सुपात टाकला. लाल कापड तसंच होतं.

“उरका,” तो म्हणाला. मग खालच्या आवाजात, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं, “आन् उद्यापास्नं हिनं यायचं न्हाई.”

एवढं बोलून तो शेडकडे निघून गेला.

 वृषालीचा हात पोटावर गेला. बनुबाई मात्र खुशीत दिसत होती. अशी खुशीत की रंगुबाईला तिचा राग आला. “तुला काय झालं गं दात काढायला?”

“बोलला त्यो,” बनुबाई म्हणाली. “आजपातुर कधी बोलला हुता का? आता त्यानं एक बाई काढली. चल, भर वटी, सासू हायेस ना.”

ओटी भरली. सगळ्यांनी भरली. पहिल्यांदा रंगुबाईने, मग बनुबाईने, मग दोन्ही टेबलांनी. कुणीतरी डोहाळ्याचं गाणं सुरू केलं. दुसरं कडवं कुणालाच येत नव्हतं म्हणून पहिलंच पुन्हा पुन्हा म्हटलं. भोंगा झाल्यावर सगळ्या उठल्या आणि कामाला गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी वृषाली आली. कोट घरी ठेवून, साध्या साडीवर, टेप लावलेल्या बांगड्यांसकट. गेटपाशी सूर्यभान नावं पुकारत होता. त्याने तिचं नाव घेतलं नाही. बाकीची घेतली. ज्यांची घेतली त्यांच्यातली एकही आत गेली नाही. रंगुबाई सगळ्यांत आधी जमिनीवर बसली. तिच्या बसण्यातही आवाज होता.

“माजी सून भाईर आन् मी आत, आसं घर न्हाई माजं,” ती म्हणाली.

मग एकेक करून दोन्ही टेबलं बसली. आत मशीन सुरू झाली, झाकणं पडू लागली, आणि पडलेली उचलायला कुणी नव्हतं. गोदामापाशी पुण्याला जायचा ट्रक उभा होता. ड्रायव्हरने आधी दोनदा हॉर्न वाजवला आणि मग तोही खाली उतरून काय चाललंय ते पाहायला आला. सूर्यभान एकदा समजुतीने बोलला, एकदा दमात. “दुसऱ्या बाया आणीन,” म्हणाला. “आन की,” बनुबाई म्हणाली, “त्याबी कदीतरी पोटुशा ऱ्हातीलच.”

ऊन वर आलं तेव्हा मॅनेजर नगरहून आले. चष्मा लावलेले, घाईचे गृहस्थ. वाईट नव्हते, पण झाकणांपलीकडे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी सूर्यभानला विचारलं, “कुणाला काढलंय का तुम्ही?”

सूर्यभानची सवयच होती, छातीला हात लावायची. हात वर गेला, आणि तिथेच राहिला. कारण समोर सगळ्या बसल्या होत्या, आणि कालचं वाक्य सगळ्यांनी ऐकलं होतं. वॉचमननेही.

“कोणाबद्दल चाललंय हे?” मॅनेजरांनी विचारलं. “कोण बाई?”

बनुबाईने तोंड उघडलं आणि मिटलं. रंगुबाईला तिने कोपराने ढोसलं, गप्प बस म्हणून.

वृषाली उठली. उठायला तिला जमिनीवर हात टेकावा लागला. तिने कुणाचा हात घेतला नाही. “मी,” ती म्हणाली. “मला सातवा चालू आहे. मी टेबलावर काम करू शकते. बर काढते, दिवसाला या सगळ्यांच्या बरोबरीने काढते. क्रेट उचलणार नाही. बाळंत झाल्यावर परत येईन आणि माझी जागा मला पाहिजे. हे तुम्ही आत्ता, सगळ्यांसमोर सांगा. मग आम्ही उठतो.”

मॅनेजरांनी ट्रककडे पाहिलं. घड्याळाकडे पाहिलं. वृषालीच्या मनगटाकडे पाहिलं. “हातावर हे काय गुंडाळलंय?” त्यांनी विचारलं.

“बांगड्या आहेत. फुटू नयेत म्हणून.”

त्यांनी चष्मा वर सारला. मग म्हणाले, “टेबलावरच राहू द्या हिला. परत आली की जागा द्या. आता चला, उठा, ट्रक निघायचाय.”

फार मोठं काही मिळालं नाही. बसायला स्टूल मिळालं नाही, बाळंतपणाची पगारी रजा मिळाली नाही. ते दोन्ही पुढे दोन वर्षांनी मिळालं, त्याची वेगळी भांडणं झाली. पण वृषाली नववा लागेपर्यंत टेबलावर होती. पारनेरच्या दवाखान्यात तिला मुलगी झाली आणि तिच्या जागेवर ती परत उभी राहिली. बारशाला माहेर आणि सासर पुन्हा भांडली, या वेळी पाळण्याच्या दोरीवरून. काष्टीहून कुणी आलं नाही. चेतनची भावजय मात्र आली. दारात थोडी घुटमळली आणि मग आत येऊन बसली.

त्या सकाळी बायका उठून, धूळ झटकून आत जाऊ लागल्या, तेव्हा बनुबाई सगळ्यांत मागे होती. बसून बसून तिचे गुडघे धरले होते. सूर्यभान गेटपाशीच उभा होता. ती शेजारून जायला लागली तसा तो दात आवळून म्हणाला, “बनुबाई, तुला बघून घेईन मी.”

बनुबाई थांबली. डावा खांदा जरा वर करून तिने त्याच्याकडे मान वळवली.

“बघ की,” ती म्हणाली. “आन् बघशील तवा लोकांच्या देखत बघ.”

आणि ती आत गेली.